साडेसातचे हातमोजे

रुचिकानं काही न विचारता साडेसात नंबरच्या हातमोज्यांचं पाकीट वच्छलाबाईंच्या समोरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि ती पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं बीपी घ्यायला निघून गेली. झालं ते एवढंच. कोणी हसलं नाही, फरशी पुसणाऱ्या आयानं मानसुद्धा वर केली नाही. पण वच्छलाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षांत त्यांनी साडेसहाच्या वरचा मोजा हातात चढवला नव्हता. सरकारी नोकरीत असताना स्टोअरचे पुंडलिकराव त्यांना लांबून येताना पाहूनच साडेसहाचं पाकीट काढून ठेवायचे. आणि ही कालची पोर म्हणते साडेसात. साडेसातीच म्हण ना सरळ, वच्छलाबाई मनात म्हणाल्या. त्यांनी ते पाकीट परत खणात टाकलं, हुडकून साडेसहाचं काढलं आणि ओढून ओढून हातात घातलं. मधल्या बोटाच्या पेरावर रबर अडलं, ताणून पांढरं पडलं, मग एकदाचं सरकलं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. येऊ देत, त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

भंडाऱ्यातलं हे बारा खाटांचं खासगी प्रसूतिगृह. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर इथल्या डॉक्टरबाईंनी स्वतः घरी येऊन वच्छलाबाईंना मागून नेलं होतं, ते त्यांच्या बोटांसाठी. बाई कळा देत असायची, डॉक्टरबाई घरी जेवायला बसलेल्या असायच्या आणि फोनवर एकच प्रश्न विचारायच्या, किती? वच्छलाबाई सांगायच्या, दोन बोटं, किंवा तीन बोटं, आणि त्यावरून पलीकडे ठरायचं की आणखी एक पोळी घ्यायची की हात धुवायचे. त्या प्रश्नात काय नव्हतं? चाळीस वर्षांची इज्जत होती. आता फोन वाजला की डॉक्टरबाई आधी वच्छलाबाईंची तब्येत विचारतात, गुडघे कसे आहेत म्हणतात आणि मग म्हणतात, जरा रुचिकाला देता का. इतक्या गोडीनं म्हणतात की रागावायलाही जागा राहत नाही.

रुचिका सव्वीस वर्षांची. नागपुरातून नर्सिंगची डिग्री करून दीड वर्षापूर्वी इथं लागली. बोटं कोवळ्या भेंडीसारखी, लांब आणि निमुळती. वच्छलाबाईंना ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची. आता मावशी म्हणण्यात वाईट काय आहे, पण दवाखान्यात मावशी म्हणतात ते आयाला, सिस्टरला नाही, हे त्या पोरीला कोण सांगणार. पहिल्याच आठवड्यात तिनं प्रसूतीच्या खोलीत लाकडाची एक पाटी टांगली. पाटीला दहा गोल भोकं, एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत, चण्याच्या दाण्यापासून वाटीच्या तोंडापर्यंत वाढत गेलेली. वर लाल अक्षरात लिहिलेलं, डायलेटेशन. कळा देणाऱ्या बाईच्या सासूला ती पाटीजवळ नेऊन दाखवायची, बघा काकू, आता आपण इथं आहोत आणि इथवर जायचं आहे. सासवा ते दहावं भोक बघून देवाला हात जोडायच्या. वच्छलाबाईंच्या वेळच्या पुस्तकात याला विस्फारण असा शब्द होता. गर्भाशयमुखाचं विस्फारण, पाच गुणांचा प्रश्न. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, भ्यालेल्या माणसाचे डोळे मोठे होतात तेही विस्फारण आणि हेही तेच, फक्त इथं घाई चालत नाही. पण वच्छलाबाईंनी तो शब्द परीक्षेच्या कागदावर ठेवला आणि बाईमाणसाला नेहमी एवढंच सांगितलं, दार उघडून राहिलं, बाई, धीर धर. आता अड्याळच्या, आसगावच्या बाया घरी जाऊन शेजारणीला सांगत होत्या, माह्यं चार सेंटिमीटर डायलेटेशन झालं होतं, आणि सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की जणू शाळेत नंबर आला. तो शब्द ऐकला की वच्छलाबाईंच्या पोटात आग पडायची. हेवा त्यांनी आजवर लोकांच्या डोळ्यांत पाहिला होता, आपल्या पोटात तो असा बिऱ्हाड करून बसेल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बरं, दवाखान्यातून घरी यावं तर घरीही तोच शब्द. यादोराव, त्यांचा नवरा, एसटीतून निवृत्त झालेला माणूस, महिन्यापूर्वी डोळे तपासून काळा चष्मा लावून आला आणि पलंगावर पडून म्हणाला की डॉक्टरनं औषध टाकून डायलेट केलं, संध्याकाळपर्यंत उजेड सहन व्हायचा नाही. तुमचंही झालं का, असं त्या तिरसटून म्हणाल्या, आणि त्या का तिरसटल्या हे त्या गरीब माणसाला आजवर कळलेलं नाही. यादोरावांचं ठीक होतं. खरा घाव घातला तो सुनेनं. रुपा आंबागडची, शाळेत विज्ञान शिकवणारी, समजदार पोर. आठवीत असतानाच तिची आई गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत इथं चालणार नव्हती, आणि हे ठरलं तेव्हा वच्छलाबाई मनात किती सुखावल्या होत्या, हे कबूल करायला त्यांना आज लाज वाटते. अर्ध्या पवनी तालुक्याची पोरं ज्या हातांत आली, त्या हातांत आता आपलं नातवंड येणार. चंद्रकुमार, त्यांचा मुलगा, नागपूरला नोकरीला. तो म्हणाला होता, आई आहे तर मले काय चिंता. पण तीन आठवड्यांपूर्वी रुपा तांदूळ निवडता निवडता खाली मान घालून म्हणाली, "आई, राग नका मानू. तुमच्याकून तपासून घ्याची मले लाज वाटते. माह्यं रुचिकाच पाहीन."

लाज वाटते. वच्छलाबाईंनी त्या शब्दाला आतून-बाहेरून चाचपून पाहिलं. सून सासूला लाजते हे खरं, लाजावंच. पण रुपा दर दोन दिवसांनी रुचिकाशी फोनवर बोलायची, ताई-ताई करून हसायची, डायलेटेशन कसं होते, किती वेळ लागते विचारायची. ज्या बाईनं अवघी हयात त्यात काढली ती तिथंच सहा हातांच्या अंतरावर भाकरी थापत असायची, तिला विचारायचं सुचलं नाही. आणि मग वच्छलाबाईंच्या मनात ती शंका आली. लाज हे निमित्त. त्या पोरीनं हिला आसगावच्या बाईचं सांगितलं असणार.

आसगावची ती बाई महिन्याभरापूर्वी आली होती. तिसरं बाळंतपण. वच्छलाबाईंनी तपासलं, दोन बोटं लागली, डॉक्टरबाईंना फोन केला की तीन सेंटिमीटर आहे, संध्याकाळ होईल, तुम्ही आरामात या. बाईला म्हटलं, फिरून ये जरा. आणि पाऊण तासाच्या आत ती बाई बाहेरच्या पॅसेजमधल्या बाकावर बाळंत झाली. धावत गेली ती रुचिका. बाळ तिनं ओढणीत झेललं. बाळ ठणठणीत, बाई ठणठणीत, पेढेसुद्धा वाटले त्यांनी. पण वच्छलाबाईंनी आपला पेढा आयाला देऊन टाकला. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. रुचिकानं कागद भरला तेव्हा त्यांनी चोरून पाहिलं. पोरीनं लिहिलं होतं, प्रगती अचानक व वेगाने झाली. वच्छलाबाईंचं नाव नाही, दोन बोटं नाहीत, काही नाही. झाकून घेतलं होतं. एखादीनं चुगली केली असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. झाकणाऱ्या माणसाचं काय करायचं? त्या दिवसापासून रुचिका पहिल्याहून जास्त सलू लागली.

आणि गंमत बघा, अशा वेळी माणसाला आपलंच जुनं पाप आठवतं. वच्छलाबाई बावीस वर्षांच्या होत्या, अड्याळकडच्या एका उपकेंद्रात नव्यानं लागल्या होत्या. त्या गावची सुईण सत्यभामाबाई. काळी, ठेंगणी, हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी. ती तपासायची नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या पायाशी पाटावर बसायची आणि पायाला हात लावून राहायची, आधी घोट्याला, मग पोटरीला. म्हणायची, पायाची ऊब उतरते, थंडी वर चढते, थंडी गुडघ्याले आली का पोर दाराशी आलं. तरण्या वच्छलेला हसू आवरेना. ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येक पोरीच्या बोटांवर पट्टी ठेवून माप घेतलं होतं आणि वच्छलेच्या बोटांपाशी थांबून म्हणाल्या होत्या, तुझी दोन बोटं बरोबर तीन सेंटिमीटर, देवानं मापच करून दिली. असली सरकारी शिक्क्याची बोटं असताना पायाला हात लावून काय कळते, असं तिनं त्या म्हातारीला चारचौघीत विचारलं. हळूहळू बाया वच्छलेला बोलावू लागल्या. सत्यभामाबाई तरी यायची, न बोलावता यायची, पायाशी बसायची. एकदा पाटलाच्या घरी बाळंतपण झालं, पाटील ओसरीवरून सवयीनं म्हणाला, सत्यभामा, मोकळं केलं ना तू? तेव्हा ती म्हणाली होती, "वच्छलाबाईनं केलं, बापू. मी पायाजवळ होती." वच्छलेला तेव्हा वाटलं होतं, वा, म्हातारी आली वळणावर. सांगताना म्हातारीला कसं वाटलं असेल हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. बावीस वर्षांच्या पोरीला असले विचार शिवत नाहीत.

हातमोज्यांची ती गोष्ट मंगळवारची. त्याच संध्याकाळी वच्छलाबाई घरी आल्या तेव्हा स्वयंपाकघरात शेजारची मेघा, सातवीतली पोर, रुपासमोर पाय दुमडून बसली होती. रुपा रजेवर होती पण शिकवणी सुटली नव्हती. तिनं शाळेतून आणलेला पितळी गोळा आणि कडं काढलं. गार गोळा कड्यातून अलगद खाली गेला. मग तिनं गोळा चिमट्यात धरून गॅसवर तापवला आणि कड्यावर ठेवला. अडून बसला. रुपानं विचारलं, काय झालं? मेघा म्हणाली, मॅडम, कडं लहान झालं. रुपा हसून म्हणाली, "नाही गं. कड्याले हात लावून पाहा, गारच आहे. कडं होतं तेवढंच आहे. गोळा वाढला. याले प्रसरण म्हणतात." वच्छलाबाई दारात चपला काढत होत्या. त्यांचा उजवा हात चौकटीवर होता. त्यांनी तो हात काढून पदराखाली घेतला, जणू कुणी बघत होतं.

त्या संध्याकाळी जेवण गोड लागलं नाही. गोळा वाढला. लग्नातली अंगठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी साबण लावून काढली होती आणि म्हटलं होतं, उन्हाळ्यानं हात सुजले. मोठ्या बाजारातल्या कासारानं बांगड्यांचं माप एक घर वाढवलं तेव्हा त्या त्याच्यावरच डाफरल्या होत्या की तुझी बांगडीच लहान येते. सकाळी उठल्यावर मुठी मिटायच्या नाहीत, गरम पाण्यात धराव्या लागायच्या. एकेक गोष्ट अलग होती तोवर काही नव्हतं. आता त्या सगळ्या येऊन ओळीनं उभ्या राहिल्या.

बुधवारी त्या वेळेआधी अर्धा तास दवाखान्यात गेल्या. प्रसूतीची खोली रिकामी होती, फिनाइलचा वास येत होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि पाटीसमोर उभ्या राहिल्या. दीड वर्षात त्यांनी त्या लाकडाला बोट लावलं नव्हतं. आता उजव्या हाताची दोन बोटं जुळवून त्यांनी तीनच्या भोकात घातली. पहिल्या पेरापर्यंत गेली. पुढं जाईनात. त्यांनी जोर दिला. लाकडाची कड सांध्यावर रुतली, दुखलं. चारच्या भोकात घातली. तिथं ती जाऊन बसली, घट्ट, इकडून तिकडे फट नाही. म्हणजे दोन बोटं म्हणजे तीन नव्हे, चार. आणि तीन बोटं म्हणजे पाच नव्हे, सहाच्या घरात. आसगावच्या बाईला त्यांनी दोन बोटं सांगितली तेव्हा दार निम्म्याजवळ उघडलेलं होतं, आणि तिसऱ्या बाळंतपणाची बाई, तिला किती वेळ लागतो. बरं, ही बोटं अशी कधीपासून? अंगठीपासून धरायचं की बांगड्यांपासून? मधल्या सगळ्या बाया त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागल्या. कुणाला घरी परत पाठवलं, कुणाला फिरून ये म्हटलं. काही बिघडलं नाही, नशीब त्यांचं आणि आपलंही. आणि रुचिकाला हे कळलेलं होतं. पाकीट ठेवलं तेव्हाच कळलेलं होतं. तिला तोंडानं सांगवलं नाही म्हणून तिनं साडेसात नंबर पुढं केला होता. वच्छलाबाईंनी बोटं भोकातून ओढून काढली. हे कळल्यानं हेवा कमी व्हायला हवा होता. तो तसूभरही हलला नाही.

गुरुवारी सकाळी रुपाच्या कळा सुरू झाल्या. दुपारी बारापर्यंत तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीत एका सिझरमध्ये अडकलेल्या. यादोराव बाहेर बाकावर, चंद्रकुमार नागपूरहून निघालेला. रुपा टेबलावर आडवी झाली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते, आणि ती आंबागडची हुशार मास्तरीण कुठच्या कुठे गेली होती. रुचिका ट्रे लावत होती. ट्रेमध्ये तिनं दोन पाकिटं ठेवली होती, एक सहाचं, तिचं स्वतःचं, आणि एक साडेसातचं. कळ ओसरली तशी रुपानं वच्छलाबाईंचं मनगट धरलं.

"आई, तुम्हीच पाहा," ती म्हणाली. "मले आता लाज-गिज काही नाही राहिली. तुमच्याच हातानं होऊ द्या."

हेच ऐकायला त्या तीन आठवडे झुरल्या होत्या. रुचिकानंही मागं सरून जागा करून दिली, आणि ती जागा करून देणं वच्छलाबाईंना सोसलं नाही. त्यांच्या मनात हिशेब धावले. साडेसात घालायचं, बोटं लागतील त्यात एक मिळवायचा, तीनचे चार करायचे, कुणाला कळते? चाळीस वर्षांचा अंदाज आहे, एवढ्यानं काही चुकत नाही. आसगावच्या वेळीही त्यांना असंच वाटलं होतं. रुपाचं पोट कडक व्हायला लागलं, पुढची कळ येत होती. वच्छलाबाईंनी साडेसातचं पाकीट उचललं, हातात उलटसुलट केलं आणि परत ठेवलं.

"रुचिका, तू पाहा," त्या म्हणाल्या. "माह्या बोटाचं माप आता खरं नाही राहिलं. काल पाटीवर लावून पाहिलं मी."

रुचिकानं खाली बघून मोजे चढवले, आणि तिचे डोळे भरलेले होते हे वच्छलाबाईंना दिसलं. तेही त्यांना आवडलं नाही. रुचिकानं तपासलं, सहा म्हणाली, कागदावर टिंब मांडलं आणि म्हणाली की पहिलटकरीण आहे, मध्ये काही वाटलं नाही तर चार तासांनी परत पाहू. वच्छलाबाईंना हात ठेवायला जागा उरली नाही. डोक्याशी आया होती, मध्ये रुचिका. त्यांनी लोखंडी स्टूल ओढलं आणि त्या रुपाच्या पायाशी बसल्या.

किती वेळ बसल्या कोण जाणे. पाय चोळता चोळता त्यांच्या लक्षात आलं की घोटा गार आहे. पंख्यानं असेल, त्या म्हणाल्या आणि चादर ओढली. थोड्या वेळानं पोटरी गार लागली. सत्यभामाबाईची ती आल्याच्या गड्ड्यासारखी बोटं त्यांना समोर दिसली, आणि चाळीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं की त्या म्हातारीचीही बोटं कधीतरी सरळ असतील. तीही कधीतरी आतून तपासत असेल. मग एक दिवस गोळा वाढला असेल आणि तिनं कुणाला न सांगता पायाशी पाट ओढला असेल. थंडीबिंडी खरी की खोटी देव जाणे. पण वच्छलाबाईंनी गुडघ्याखाली हात ठेवला, तर तिथंही गार लागलं.

"आता पाहा," त्या म्हणाल्या.

रुचिकानं घड्याळाकडे पाहिलं. दोन तासच झाले होते. तिनं वच्छलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग मोजे बदलले आणि तपासलं. "पूर्ण," ती म्हणाली, आणि मग बोलायला कुणाला फुरसत राहिली नाही. डोकं आलं ते त्या भेंडीसारख्या बोटांमध्ये. वच्छलाबाई स्टुलावरून बघत होत्या. आपलं नातवंड, ओलं, निळसर, त्या परक्या पोरीच्या तळहातांवर वळलं, खांदा सुटला आणि ते तिच्या कुशीत घसरलं. मुलगी. ती रडली आणि रुचिका हसली. त्या घडीला वच्छलाबाईंनी रुचिकाचा जेवढा राग केला तेवढा हयातीत कुणाचा केला नव्हता. त्यांचे हात अजून रुपाच्या पावलांवर होते. पावलं हळूहळू कोमट होत होती.

बाळाला पुसून, रुपाला पाणी पाजून त्या बाहेर आल्या. यादोराव पॅसेजमध्ये उभे राहून मोठ्यानं फोनवर बोलत होते, आसगावला, अड्याळला, सगळीकडे, की नात झाली, दोघी खुशाल, आणि घरचीच माणसं असल्यावर भ्यायचं काय. बायको दिसली तसा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी फोन तिच्या तोंडाशी धरला, पलीकडचे लोकही ऐकत होते.

"सांग बरं यायले," यादोराव म्हणाले. "तुह्याच हातानं झालं ना?"

बाकावर दोन अनोळखी बाया मान वळवून बघत होत्या. दार बंद होतं, रुचिका आत होती. हो म्हटलं असतं तरी कुणी ताडून पाहायला येणार नव्हतं, आणि रुचिकानं तर झाकूनच घेतलं असतं. वच्छलाबाईंनी उजवा हात पदराला पुसला.

"रुचिकानं केलं," त्या म्हणाल्या. "मी पायाजवळ होती."